रिअल इस्टेटच्या वेबसाइटवर लाइव्ह चॅट: नव्या एजंटांसाठी आणि छोट्या बिल्डरांसाठी

घरांच्या जाहिरातींच्या पोर्टलवर जाहिरात टाकली की तीच इन्क्वायरी बऱ्याचदा आणखी चार एजंटांकडेही जाते, आणि ज्याने आधी फोन लावला त्याचं गिऱ्हाईक. स्वतःच्या वेबसाइटवर आलेला माणूस मात्र फक्त तुमच्याकडे आलेला असतो. त्याने गुगलवर 'रावेत २ बीएचके रेडी पझेशन' असं काहीतरी शोधलं, तुमचं पान उघडलं, फोटो पाहिले, किमतीच्या जागी 'संपर्क करा' वाचलं आणि निघून गेला. फोन करायला तो बिचकतो. एकदा नंबर दिला की पुढचे कित्येक आठवडे 'सर, साइट व्हिजिट कधी करताय?' सुरू होतं, हे त्याला अनुभवाने ठाऊक आहे.

लाइव्ह चॅट या बिचकणाऱ्या माणसासाठी असतं. ते लावायला अर्धा तास पुरतो. त्यातून साइट व्हिजिट मिळायला लागायच्या तर एक पथ्य मात्र पाळावं लागतं: आधी उत्तर द्यायचं, नंबर नंतर मागायचा. साधन कुठलं, कोड कुठे टाकायचा, वेळा काय ठेवायच्या, हे सगळं त्या पथ्याच्या सोयीने ठरवायचं.

उदाहरणं पुणे-पिंपरी चिंचवडची घेतली आहेत. नाशिक, कोल्हापूर, संभाजीनगर कुठेही हेच लागू पडेल, फक्त मुद्रांक शुल्काचे दर तुमच्या हद्दीप्रमाणे तपासून घ्या.

आधी माणूस, मग सॉफ्टवेअर

चॅटवर उत्तर कोण देणार? 'आम्ही सगळेच बघू' याचा अर्थ कोणीच बघणार नाही. एका माणसाचं नाव ठरवा. तो साइटवर किंवा सुट्टीवर असेल तेव्हा कोण, हेही ठरवा. एकट्याने काम करत असाल तर चॅटच्या वेळा कमी ठेवा, पण त्या वेळेत हजर राहा. सकाळी अकरा ते दुपारी एक आणि संध्याकाळी सात ते साडेनऊ एवढंही चालतं. संध्याकाळची वेळ सोडू नका. नोकरदार नवरा-बायको जेवणं आटपल्यावर एकत्र बसून फ्लॅट बघतात, आणि तेव्हा तुमचं ऑफिस बंद झालेलं असतं.

ज्याला बसवाल त्याला मालमत्तेची माहिती हवी. टायपिंग येतं म्हणून नवीन मुलाला बसवलं आणि त्याला कार्पेट (घराच्या आतलं, प्रत्यक्ष वापरायचं क्षेत्रफळ) आणि सेलेबल (जिना-लॉबीचा वाटा धरून सांगितलेलं) यातला फरक माहीत नसला, तर तो प्रत्येक प्रश्नाला 'सर, नंबर द्या, सीनिअर कॉल करतील' एवढंच लिहील. मग चॅट लावून उपयोग काय?

शिकायला आणि बसवायला पितृपक्ष चांगला. तेव्हा बुकिंग थंडावलेली असतात आणि पुढे नवरात्र-दसऱ्याची गर्दी यायची असते. गुढीपाडव्याच्या किंवा अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात नवीन काही बसवायला घेऊ नका.

साधन कोणतं?

दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे साधं व्हॉट्सअ‍ॅपचं बटण. दुसरी, पानाच्या कोपऱ्यात उघडणारी चॅटची खिडकी, म्हणजे विजेट.

व्हॉट्सअ‍ॅपचं बटण फुकट आहे आणि ग्राहकाच्या हाताला सवयीचं आहे. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस अ‍ॅप घ्या. त्यात तयार उत्तरं साठवता येतात, 'दुकान बंद असताना'चा संदेश ठेवता येतो, गिऱ्हाइकांना लेबलं लावता येतात आणि फोनशिवाय आणखी चार उपकरणं जोडता येतात, म्हणजे ऑफिसच्या संगणकावरूनही उत्तर देता येतं. ग्राहकाने पहिला संदेश पाठवला की त्याचा नंबर तुम्हाला दिसतो. तुमच्यासाठी ही सोय आहे आणि त्याच्यासाठी अडचण. नंबर द्यायला बिचकणारा माणूस इथेही बिचकतो.

विजेटमध्ये तो अनोळखी राहून विचारू शकतो. शिवाय तो आत्ता कोणत्या पानावर आहे हे तुम्हाला दिसतं, त्यामुळे 'कोणता फ्लॅट, सर?' असं विचारावं लागत नाही. सुरुवातीला टॉक डॉट टू (tawk.to) हे साधन पुरतं. ते वापरायला फुकट आहे. आपलं नाव विजेटवरून काढण्यासाठी आणि भाड्याने चॅट एजंट पुरवण्यासाठी ते पैसे घेतात, त्यावर त्यांचं चालतं. झोहोचं सीआरएम (ग्राहकांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर) आधीच वापरत असाल तर त्यांचंच सेल्सआयक्यू जोडा, इन्क्वायरी परस्पर सीआरएममध्ये जाईल. टिडिओ, क्रिस्प, फ्रेशचॅट हेही पर्याय आहेत. महिन्याला पाचपन्नास चॅट येणाऱ्या ऑफिसला यातल्या महागड्या योजनांची गरज नाही, विकणारा काहीही सांगो.

माझं मत विचाराल तर दोन्ही लावा, पण एकाच पानावर दोन्ही तरंगती बटणं नकोत. विजेट कोपऱ्यात ठेवा आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बटण प्रत्येक मालमत्तेच्या माहितीखाली, ओळीतच. त्या बटणाच्या लिंकमध्ये आधीच भरलेला मजकूर घालता येतो, आणि नवखे लोक नेमकं हेच करायचं विसरतात. लिंकमध्ये नंबर ९१ लावून, अधिकचं चिन्ह आणि सुरुवातीचं शून्य न लावता लिहायचा आणि मजकुराच्या जागी 'नमस्कार, वाकड २ बीएचके, क्रमांक ११४ बद्दल माहिती हवी' असं ठेवायचं. प्रत्येक मालमत्तेला स्वतःचा क्रमांक द्या. नाहीतर दिवसभर नुसते 'हाय' येतात आणि कोण कशाबद्दल विचारतंय ते शोधण्यात वेळ जातो.

वेबसाइटवर बसवणं

टॉक डॉट टूचं उदाहरण घेऊ, बाकीच्यांची रीत जवळपास हीच आहे. खातं उघडा. त्यात वेबसाइटला 'प्रॉपर्टी' म्हणतात, आपल्या धंद्यात जरा गंमतच आहे ती. वेबसाइटचं नाव आणि पत्ता भरा. अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये चॅनल्स, त्यात चॅट विजेट, असं गेलात की कोडचा एक तुकडा दिसेल. तो कॉपी करून वेबसाइटच्या प्रत्येक पानात, बॉडी टॅग बंद होण्याच्या अगदी आधी, चिकटवायचा असतो.

वर्डप्रेस असेल तर कोडला हात लावायची गरजच नाही. प्लगइनमध्ये त्यांचं अधिकृत प्लगइन शोधा, सुरू करा, खात्याशी जोडा. थीमच्या फायलीत कोड चिकटवू नका, थीम अपडेट झाली की तो पुसला जातो. वेबसाइट दुसऱ्या कोणी बनवून दिली असेल आणि गुगल टॅग मॅनेजर आधीच बसवलेलं असेल, तर त्यात 'कस्टम एचटीएमएल' टॅग करून टाकता येतं. यातलं काहीच जमत नसेल तर तो तुकडा वेबसाइटवाल्याला पाठवा आणि 'सगळ्या पानांवर, बॉडीच्या शेवटी' एवढंच सांगा. दहा मिनिटांचं काम आहे. त्याचे तो हजारो रुपये सांगत असेल तर दुसरीकडे विचारा.

आता तपासणी. विजेट दिसत नसेल तर पहिला संशय कॅशेवर, म्हणजे साठवून ठेवलेल्या जुन्या पानावर, घ्यायचा. कॅशे साफ करा आणि इन्कॉग्निटो खिडकीत पान उघडा. वेग वाढवणारी काही प्लगइनं बाहेरची स्क्रिप्ट अडवून ठेवतात, तिथे विजेटला सूट द्यावी लागते. ब्राउझरमध्ये अ‍ॅड-ब्लॉकर असेल तर तुम्हालाच दिसत नसेल आणि जगाला दिसत असेल, असंही होतं.

मग मोबाइल. बिल्डरांच्या वेबसाइटवर तळाला हमखास एक चिकटपट्टी असते: 'कॉल करा', 'ब्रोशर', 'साइट व्हिजिट'. विजेटचा गोळा नेमका तिच्यावर जाऊन बसतो. सेटिंगमध्ये मोबाइलसाठी तळापासूनचं अंतर वेगळं देता येतं, ते सत्तर-ऐंशी पिक्सेल वाढवा. ईएमआय कॅल्क्युलेटरवर आणि फ्लोअर प्लॅन मोठा करून बघताना विजेट आडवं येतं का, तेही स्वतःच्या फोनवर बघा.

वेगाचंही बघा. मालमत्तेचं पान फोटोंनी आधीच जड झालेलं असतं, त्यात विजेटची स्क्रिप्ट आली. गुगलच्या पेजस्पीड इनसाइट्सवर मोबाइलचा आकडा विजेट लावण्यापूर्वी आणि नंतर तपासा. फार घसरला तर विजेट पान उघडल्यावर चार-पाच सेकंदांनी, किंवा माणसाने स्क्रोल केल्यावर येईल असं करून घ्या. तसंही पान उघडल्या क्षणी कोणी चॅट करत नाही.

शेवटी तुमचा फोन. उत्तरं द्यायचं अ‍ॅप फोनवर टाकलंत तर अँड्रॉइडची बॅटरी वाचवणारी सोय त्याला झोपवते आणि सूचना तासाभराने येतात. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपची बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. काही फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट' नावाची वेगळी परवानगी असते, तीही द्या. मग घरच्या कोणाला तरी दुसऱ्या फोनवरून वेबसाइटवर चॅट करायला सांगा. स्क्रीन बंद असताना घंटी वाजली की हा भाग झाला.

वेळा, फॉर्म आणि भाषा

टाइम झोन भारताचा आहे ना, ते आधी बघा. कित्येक साधनांत तो मूळचा परदेशातला असतो आणि मग भर दुपारी 'आम्ही आत्ता ऑफलाइन आहोत' दिसत राहतं. ठरवलेल्या वेळेबाहेर विजेट 'संदेश ठेवा' या रूपात जाऊ द्या. तिथे 'उद्या सकाळी अकरानंतर उत्तर देऊ' असं स्पष्ट लिहा, आणि तसं द्या.

चॅट सुरू होण्याआधी नाव, नंबर, ईमेल, बजेट विचारणारा फॉर्म ठेवायची सोय प्रत्येक साधनात असते. ती बंद ठेवा. वेबसाइटवाला सुरू ठेवा म्हणेल, सेल्स मॅनेजर तर हट्टच धरेल. पण नंबर आधी मागायचा असेल तर संपर्काचा फॉर्म आहेच की पानावर, चॅट कशाला लावलं? नाव विचारायला हरकत नाही, तेही ऐच्छिक.

आपोआप उगवणारा संदेश मुख्य पानावर दोन सेकंदांत नको. मालमत्तेच्या पानावर माणूस पाऊण मिनिट थांबला तर एकदाच येऊ द्या. मजकूर त्या पानापुरता असावा: 'या फ्लॅटची सर्व खर्चासह किंमत हवी असेल तर इथे विचारा, लगेच सांगतो.' 'मी आपली काय मदत करू शकतो?' याने कोणी बोलतं होत नाही.

विजेटवरची बटणं आणि वाक्यं बहुतेक साधनांत बदलता येतात, ती मराठीत करून घ्या. ग्राहक रोमन लिपीत मराठी लिहील, अर्ध्यात हिंदीत जाईल, एखादा इंग्रजीत सुरू करेल. तो ज्या भाषेत लिहितो त्या भाषेत उत्तर द्या. देवनागरी टायपिंग जड जात असेल तर जीबोर्डवर बोलून लिहा, पण पाठवण्याआधी एकदा वाचा. बोललेलं 'साठ लाख' पडद्यावर 'सात लाख' उमटलं तर निस्तरायला तुम्हालाच लागेल.

तयार उत्तरं: खरी मेहनत इथे

नव्वद टक्के चॅट ठरलेल्या आठ-दहा प्रश्नांभोवती फिरतात, असं मला वाटतं. फ्लॅट अजून आहे का? शेवटची किंमत काय? कार्पेट किती? पझेशन कधी? पाणी महापालिकेचं की टँकरचं? पार्किंग वेगळं विकत घ्यावं लागतं का? मेंटेनन्स किती? लोन कोणत्या बँकेचं होतं? भाड्याचं असेल तर डिपॉझिट किती आणि कुत्रा चालेल का? या प्रत्येकाचं उत्तर प्रत्येक मालमत्तेसाठी लिहून शॉर्टकटमध्ये साठवा. टॉक डॉट टू आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस दोन्हींत तिरपी रेघ टाकून शॉर्टकटचं नाव लिहिलं की पूर्ण मजकूर येतो.

एक उदाहरण जवळून बघू. रात्री नऊ-चाळीसला एक संदेश येतो:

'हा वाकडचा २ बीएचके आहे का अजून? टोटल किती पडेल?'

नेहमीचं उत्तर: 'नमस्कार सर/मॅडम, आमच्या प्रकल्पात रस दाखवल्याबद्दल धन्यवाद. कृपया आपला मोबाइल क्रमांक शेअर करा, आमचे प्रतिनिधी संपर्क साधतील.' समोरचा खिडकी बंद करतो. नंबर द्यायचा नव्हता म्हणून तर त्याने चॅट उघडलं होतं.

आता हे बघा:

'नमस्कार. हो, आहे. सातवा मजला, कार्पेट ७१० चौ. फूट, म्हणजे साधारण ६६ चौ. मीटर. करारनाम्याची किंमत ६८ लाख. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख ७६ हजार. नोंदणी फी ३० हजार. बांधकाम सुरू असल्याने जीएसटी ५ टक्के, ३ लाख ४० हजार. एकूण ७६ लाख ४६ हजार. सोसायटीची अनामत आणि आगाऊ मेंटेनन्स यात धरलेला नाही, तो आकडा हवा असेल तर पाठवतो. खरेदी फक्त महिलेच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्क ६ टक्के लागेल, ६८ हजार वाचतील.'

याला लिहायला दीड मिनिट लागतं, शॉर्टकट असेल तर दोन सेकंद. आकडा मोठा दिसला म्हणून गिऱ्हाईक पळेल अशी भीती वाटते. पळणारा पळणारच होता, तो शनिवारी साइटवर येऊन, सॅम्पल फ्लॅट बघून, चहा पिऊन पळाला असता. उरतो तो माणूस बहुधा पुढचा प्रश्न स्वतःच विचारतो: 'रविवारी बघता येईल का?' आता नंबर मागा. 'हो, अकरा ते पाच कधीही. साइटचं लोकेशन पाठवायला एक नंबर द्याल का?' कारण सांगितलं की नंबर मिळतो.

त्या हिशेबातल्या काही गोष्टी पक्क्या माहीत असू द्या. मुद्रांक शुल्क करारनाम्याची किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या दराने येणारी) किंमत यांपैकी जी जास्त तिच्यावर लागतं. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका हद्दीत दर ७ टक्के धरतात, मुंबईत ६. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. जीएसटी बांधकामाधीन सदनिकेवर ५ टक्के. किंमत ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट महानगरात ६० चौ. मीटर, इतरत्र ९० चौ. मीटरपर्यंत असेल तर १ टक्का. भोगवटा पत्र (ओसी) मिळालेल्या इमारतीतल्या फ्लॅटवर किंवा पुनर्विक्रीच्या फ्लॅटवर जीएसटी नाही. आणि ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीवर खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. हा जास्तीचा खर्च नाही, विक्रेत्याच्या पैशातून वळता होतो, पण ग्राहक हमखास गोंधळतो. दर बदलतात, म्हणून तयार उत्तराखाली ते कधी तपासलं ती तारीख स्वतःसाठी लिहून ठेवा.

क्षेत्रफळ सांगताना फक्त कार्पेट सांगा. 'सेलेबल ९८०' वगैरे चॅटवर लिहूच नका. प्लॉट विकत असाल तर गुंठ्यांबरोबर चौरस फूटही द्या (१ गुंठा म्हणजे १०८९ चौ. फूट) आणि एनए (बिगरशेती) आहे का, स्वतंत्र सातबारा निघेल का, रस्ता किती फुटी, ही तीन उत्तरं न विचारता द्या. प्लॉटच्या गिऱ्हाइकाला दुसरं काही नको असतं.

जे माहीत नाही त्याला 'विचारून उद्या दुपारपर्यंत सांगतो' लिहा. मेट्रो कधी सुरू होईल, रिंग रोड कुठून जाणार, पाच वर्षांत भाव किती वाढेल, या प्रश्नांवर मोह आवरा.

लिहिलेलं पुसता येत नाही

फोनवर बोललेलं हवेत जातं, चॅट मात्र दोघांकडेही राहतं, आणि ग्राहक स्क्रीनशॉट काढतो. रेरा कायद्याचं, म्हणजे २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाचं कलम १० एजंटला तोंडी किंवा लेखी खोटं विधान करायला मनाई करतं. जाहिरातीची व्याख्याही त्यात रुंद आहे, कोणत्याही माध्यमातून केलेली प्रसिद्धी त्यात येते. जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर कलम १२ प्रमाणे प्रवर्तकाला, म्हणजे बिल्डरला, भरपाई द्यावी लागते. तेव्हा 'क्लबहाउस डिसेंबरला पूर्ण' असं लिहिण्याआधी बिल्डरने महारेराच्या (या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर काय तारीख दिली आहे ते बघा आणि तीच लिहा.

प्रकल्पाच्या तयार उत्तरात महारेरा क्रमांक असायलाच हवा. प्रकल्पाचा इंग्रजी 'पी'ने सुरू होतो, एजंटचा 'ए'ने. दोन्ही द्या. जाहिरातींत क्यूआर कोड १ ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचा आहे, तो मालमत्तेच्या पानावर लावा आणि चॅटमध्ये सरळ लिंक पाठवा. नोंदणीची गरज असलेला प्रकल्प (जमीन ५०० चौ. मीटरपेक्षा जास्त आणि आठपेक्षा अधिक सदनिका) नोंदला नसेल, तर त्याची जाहिरातही करता येत नाही आणि बुकिंगही घेता येत नाही. 'प्री-लाँच भाव आहे, क्रमांक येतोय, टोकन देऊन ठेवा' हे चॅटवर लिहिणं म्हणजे स्वतःच्या हाताने पुरावा देणं.

टोकन, बँक खातं, पैसे घ्यायचा क्यूआर चॅटवर पाठवायचा नाही. नोंदणीकृत करारनाम्याआधी प्रवर्तकाला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हे कलम १३ ग्राहकानेच विचारलं तर सरळ सांगा. विजेटवर एक ओळ ठेवा: 'आम्ही चॅटवर पैसे मागत नाही.' तुमच्या नावाने कोणी फसवायला बसला तर तीच ओळ कामी येते.

मग खासगी माहिती. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम ग्राहकाच्या संमतीवर उभा आहे. नंबर मागताना कशासाठी ते सांगा, तेवढ्यासाठीच वापरा, आणि तो 'आमचा नंबर काढून टाका' म्हणाला तर काढा. चॅनल पार्टनरला (कमिशनवर विकणाऱ्या दुसऱ्या एजंटला) लीड, म्हणजे ग्राहकाची माहिती, पुढे सरकवायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. विचारल्याशिवाय ती करू नका. आधार, पॅनचे फोटो चॅटवर मागू नका. कोणी आपणहून पाठवलेच तर उतरवून घेऊन चॅटमधून काढा.

भाड्याच्या घरांबाबत एक गोष्ट स्पष्टच सांगतो. मालक काय विचारायला सांगतात ते सगळ्या एजंटांना माहीत आहे. 'कोणत्या समाजाचे?' हा प्रश्न तुमच्या चॅटमध्ये, फॉर्ममध्ये, बॉटमध्ये कुठेही येता कामा नये. किती जण राहणार, कधीपासून, नोकरी कुठे, एवढ्यावर काम भागतं.

बॉट ठेवावा का?

बॉट म्हणजे आपोआप उत्तरं देणारा प्रोग्रॅम. रात्रीपुरता ठेवायला हरकत नाही, पण त्याला तीनच कामं द्या: कोणती मालमत्ता, कधी संपर्क करू, साइटचा पत्ता. बॉटला माणसाचं नाव आणि हसऱ्या मुलीचा फोटो लावू नका. दोन वाक्यांत कळतं आणि विश्वास जातो. किंमत आणि तारखा स्वतःच्या मनाने रचून सांगू शकेल असा एआय बॉट प्रकल्पाच्या पानावर लावण्याच्या मी विरोधात आहे. तो बोलला तरी महारेरापुढे उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे.

परदेशातल्या मराठी लोकांकडून चौकशी येत असेल तर घड्याळ वेगळं लावावं लागतं. दुबई आपल्या दीड तास मागे, म्हणजे तिथले रात्रीचे नऊ ते आपले साडेदहा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे रात्रीचे नऊ म्हणजे आपली दुसऱ्या दिवशीची सकाळ, उन्हाळ्यात साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. सकाळी अर्धा तास चॅट सुरू ठेवलंत तर ही माणसं सापडतात, आणि ती चॅटवर निवांत बोलतात. त्यांचे प्रश्न ठरलेले: पैसे एनआरई (अनिवासी भारतीयाच्या भारतातल्या) खात्यातून चालतील का, भारतात न येता कुलमुखत्यारपत्रावर नोंदणी होईल का. पैसे चालतात. नोंदणीही होते, पण कुलमुखत्यारपत्राचा मसुदा वकिलाकडून करून घ्यायला सांगा. अनिवासी भारतीयाला शेतजमीन किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही, हे पहिल्या दोन मिनिटांत सांगून टाका. 'मुळशीला फार्महाउस प्लॉट' म्हणून जाहिरात लागलेली जमीन सातबाऱ्यावर शेती असेल, तर त्याचा आणि तुमचा दोघांचाही वेळ वाचेल.

चॅट संपल्यावर

प्रत्येक चॅटचा मजकूर ईमेलवर येईल अशी सोय सुरू करा आणि साध्या एक्सेल शीटमध्ये नोंद ठेवा: तारीख, मालमत्ता क्रमांक, काय विचारलं, पुढे काय ठरलं. साइट व्हिजिट ठरली असेल तर आदल्या संध्याकाळी एक संदेश, तोही ज्या माध्यमातून तो आला त्याच माध्यमातून. चॅटवर भेटलेल्या माणसाला न विचारता पाच फोन लावलेत तर सुरुवातीपासून पाळलेलं पथ्य वाया गेलं.

महिनाअखेरीला सगळे चॅट एका बैठकीत वाचून काढा. किती जणांनी विचारलं, किती साइटवर आले, हे मोजाच, पण प्रश्नांकडे जास्त लक्ष द्या. पाण्याचा प्रश्न दहा जणांनी विचारला असेल तर उत्तर पानावरच लिहा: 'महापालिकेचं पाणी रोज, उन्हाळ्यात टँकर लागतो, खर्च मेंटेनन्समध्ये धरलेला आहे.' किंमत सगळेच विचारत असतील तर 'संपर्क करा' काढून ती लिहा. अशाने चॅटची संख्या कमी होईल. होऊ द्या, उरलेले चॅट घर बघायला निघालेल्या माणसांचे असतील.

आणि फ्लॅट विकला गेला की त्याच दिवशी तीन ठिकाणी बदल करा: वेबसाइटचं पान, तयार उत्तर, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकमधला मालमत्ता क्रमांक. पान उडवू नका. त्यावर 'विकला गेला' लिहा आणि खाली त्याच भागातले दुसरे दोन फ्लॅट द्या, कारण गुगलवरून माणसं त्या पानावर येतच राहतात.